खळ घातलेले गणवेश

धाग्यावर बसलेला खळीचा थर केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही जाड नव्हता, पण तेवढ्याने गणवेशांची वाचा बसली होती. केळीच्या सोपटाचा धागा लिंबाच्या आम्लात नि ग्लिसरीनमध्ये मुरवून वीजवाहक करण्याची युक्ती डॉ. शैलजा बापटांची. कामगार बायकांची धडधड, थकवा, मोरीच्या खेपा, सगळं गणवेशात विणलेला तो धागा कारखान्याचे मॅनेजर सबनीस यांच्या पडद्यावर मांडायचा. बायकांनी घरच्या पातळांसारखी गणवेशांनाही पेजेची खळ घातली आणि पडदा कोरा पडला.

"मॅडम, खळीला दाद न देणारा धागा कधी देताय?" सबनीस म्हणाले. "तीन महिने नुसतं 'बघते' ऐकतोय. की त्या नटमोगऱ्यांना फितूर झालात?"

"आजवर तुम्हालाच फितूर होते," शैलजाबाई म्हणाल्या. "तो धागा मी बनवणार नाही."