पत्रातली अट

चौघांनी त्याला दाराच्या फळीवर घालून आणलं आणि कापडाच्या गाठींमध्ये जागा करून खाली ठेवलं. व्यापाऱ्यानं आपल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा चिखल बोटानं पुसला. मग जवळच्या गाठीतलं कापड ओढून त्याच्या अंगावर घातलं. कोणतं कापड, हेही त्यानं पाहिलं नाही.

"तटावर सरळ उभेच राहिले," त्यांतला एक शिपाई म्हणाला. "आम्ही खाली बसा म्हणून ओरडत होतो. ऐकलंच नाही."

वेढ्याचा हा चौथा महिना. शहरातले घोडे संपले होते. वेशीवरचे शिपाई मुलाच्या हाताखाली होते, आणि बाजार बापाच्या शब्दावर चालायचा. बापानं तीस वर्षं नदीपलीकडे कापड विकलेलं. शहरातल्या पुढाऱ्यांत शत्रूची भाषा त्या एकट्यालाच वाचता यायची. म्हणून पलीकडच्या सेनापतीची पत्रं त्याच्याकडे येत, आणि त्यांत काय आहे ते तोच सगळ्यांना सांगे.

तीन पत्रं आली. तिन्ही वेळा त्यानं एकच सांगितलं: ते कुणालाही जिवंत सोडणार नाहीत, लढण्यावाचून गत्यंतर नाही.

पत्रांत तसं काही नव्हतं. शहराच्या केसालाही धक्का लावणार नाही, असं लिहिलं होतं. फक्त पूल पेटवणारा सरदार आमच्या स्वाधीन करा.

पूल पेटला तेव्हा पलीकडची दीडशे माणसं पुलावर होती. पेटवणारा त्याचा मुलगा होता.

व्यापाऱ्यानं कागद घेतला आणि दोन ओळी लिहून पलीकडच्या सेनापतीला पाठवल्या. दुपारी पांढरं निशाण घेऊन पलीकडचा अधिकारी आला. त्यानं कापड उचलून चेहरा पाहिला, पुन्हा नीट झाकला आणि तहावर शिक्का मारला. दिवस मावळायच्या आत वेस उघडली. धान्याच्या गाड्या आत आल्या.

लोक येऊन भेटून गेले. सरदारानं जीव दिला म्हणून शत्रू नरमला, असं जो तो म्हणत होता. लोहारही आला. गेल्या महिन्यात त्याची दोन्ही मुलं एकाच दिवशी तटावर पडली होती. व्यापाऱ्याचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. व्यापाऱ्यानं तो सोडवून घेतला नाही. आपला हात दुसऱ्याच कुणाचा असावा, तसा तो त्या हाताकडे बघत राहिला.

सगळे गेल्यावर सून तेवढी उरली. सकाळपासून ती नवऱ्याच्या उशाशी बसून होती. रडली नव्हती, घोटभर पाणीही घेतलं नव्हतं. व्यापारी तिच्यासमोर जमिनीवरच बसला. निदान तिला तरी खरं सांगायला हवं होतं. पत्रांत काय होतं ते त्यानं सांगितलं. पोटच्या पोराला वाचवायला आपण अख्ख्या शहराशी खोटं बोललो, हेही सांगितलं. मग लोहाराच्या थोरल्याचं नाव घेतलं, धाकट्याचं घेतलं, आणि त्यांच्यानंतर जे जे गेले त्यांची एकेक करून नावं घेत राहिला. सगळी त्याला पाठ होती.

"त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं," शेवटी तो म्हणाला. "एवढं एक बरं झालं."

सुनेनं कापडाची दुमडलेली कड सरळ केली. ती नदीपलीकडची. तिकडच्या एका व्यापाऱ्याची मुलगी त्यानंच हौसेनं सून करून आणली होती.

"काल तुमच्या कोटाचं अस्तर शिवायला घेतलं होतं, मामंजी," ती म्हणाली. "आतली तिन्ही पत्रं मी ह्यांना वाचून दाखवली."