शेवटचा बालाघाट

चाळीस वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांनी, बलभीमकाकांनी, जळकोटच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्युटर बनवले. नाव ठेवलं 'बालाघाट'. मोजकेच विकले गेले, कंपनी बुडाली, लोक विसरूनही गेले. आता पुण्याचं एक संग्रहालय म्हणतंय, एक तरी बालाघाट आणून द्या, काकांच्या नावासकट काचेत ठेवू. बाकीचे कधीच मोडीत निघालेत. एकाचाच पत्ता लागायचा राहिला होता.

म्हणून मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉम्प्युटरशेजारी उभ्या काकांचा तरुणपणीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, असा कॉम्प्युटर कुणाच्या घरी असेल तर कळवा.

पण खालचं वाचतो कोण! काळापांढरा फोटो दिसला की आमच्या ग्रुपचे अंगठे आपोआप चालतात. "भावपूर्ण श्रद्धांजली." "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." मी संतापून लिहायला घेतलं, "अहो, काका जिवंत आहेत!"

शेजारीच बसून काका आपल्या फोनवर एकेक नाव वाचत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सोनाली. जित्यापणी बघायला मिळालं. लई भाग्य हाय."

तेवढ्यात माकणीला राहायला गेलेल्या कुमारचा मेसेज आला. त्यानं एकट्यानं सगळं वाचलं होतं. "आमच्या माळ्यावर होता की. गेल्या दिवाळीला साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाकला."

काकांनी चष्मा पुसला. मग एका बोटानं, सावकाश, त्याच्या मेसेजखाली लिहिलं,

"भावपूर्ण श्रद्धांजली."