भिंतीला पाठ

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: पनवेलच्या खाडीत भराव टाकून उभारलेली वीस मजली इमारत, आणि तिच्या तळघरात भिंतीला पाठ लावून उभा असलेला एक अक्राळविक्राळ म्हातारा. दर उधाणाला तो असा ओरडायचा की वरची माणसं घाबरून दारं लावून घेत. शेवटी रहिवाशांनी निशाला बोलावलं. पैसे घेऊन भुतं मारणं हा तिचा धंदा. "काम सांगा, कारण सांगू नका," हा तिचा नियम.

तळघराची वाट दाखवायला इमारतीतली सहा वर्षांची आभा आली होती. "मावशी, तो का ओरडतो, विचार ना त्याला!"

"विचारत बसलं की हात थरथरतो गं," म्हणत निशाने एकाच घावात कोयता आरपार नेला.

म्हातारा घसरत खाली बसला. "पोरी, मी हितला राखनदार हाय. भिंत धरून उभा व्हतो. आता खाडीला कोन आडवनार?"

भिंतीला चीर गेली. निशाच्या घोट्यांना खारं पाणी लागलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या हातून कोयता गळून पडला.

आभाने चपला काढल्या, म्हाताऱ्याच्या जागी जाऊन उभी राहिली आणि आपली इवलीशी पाठ भिंतीला लावली.