विहिरीवरचा चेहरा

१९५९च्या उन्हाळ्यात आमच्या थॉर्नवेल गावाचं तळं आटून त्यातली माती दगडासारखी झाली, म्हणून सणाला विहीर सजवायची माती त्या वर्षी चर्चमागच्या जुन्या दफनभूमीतून आणली. दरवर्षी फळीवर ओली माती थापून, तीत पाकळ्या रोवून आम्ही गावच्या संतिणीचा चेहरा करायचो. तो बघायला बस भरभरून पाहुणे येत. माझी नणंद हिल्डा हिचं चहाचं दुकान त्यांच्यावरच वर्षभर तगायचं.

फळी विहिरीवर उभी केली त्या सकाळी चेहऱ्याच्या ओठांतून काहीतरी ओघळत होतं. मी बोटाने पुसलं. ते कोमट, चिकट होतं आणि त्याला न धुतलेल्या तोंडाचा वास येत होता.

"हिल्डा, ही लाळ आहे गं!"

"लाळ म्हणे! माती पाझरतेय. बस आली बघ, शी-शी करून माझं गिऱ्हाईक पळवू नकोस."

ओठ पुन्हा ओले झाले. हिल्डाने चिडून त्यांवर ताजी पाकळी अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला. तो तिला ओढून काढावा लागला.

"अगदी जिवंत वाटतो हो!" पाहुण्या बायका म्हणाल्या.

त्याच रात्री फळी पाद्रीबाबांनी जाळली आणि ते समुद्रकाठच्या गावी निघून गेले. हिल्डाच्या हातचा केक कुणी दुसऱ्यांदा मागेना; दुकान बंद पडलं. मरेपर्यंत ती अंगठा एप्रनला पुसत राहिली. शवपेटीत तो शेवटचा मीच पुसला. झाकण लावेपर्यंत तो पुन्हा ओला झाला होता.