दुसरा कॅल्क्युलेटर

प्रगतीच्या फोनमध्ये कॅल्क्युलेटर दोन होते.

सुलक्षणा सकाळी दौंडला अंगणवाडी सेविकांच्या ट्रेनिंगला गेली होती. तिथल्या मॅडमनी सांगितलं होतं, मुलांच्या फोनमध्ये दोन कॅल्क्युलेटर दिसले तर त्यातला एक उघडून बघा. तो कॅल्क्युलेटर नसतो, त्याच्या आत दुसरी ॲप दडवून ठेवलेली असतात. बायका हसल्या होत्या. सुलक्षणाही हसली होती. दुपारी चारला कासुर्डीला घरी आल्यावर पाणी पिता पिता तिनं पोरीचा फोन सहज हातात घेतला.

प्रगती आठवीत होती. खाली बसून मेथी निवडत होती.

"ह्यात काय हाय?"

प्रगतीनं वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली. आकडे टाकले की उघडतं, म्हणाली. मग तिनं चार आकडे सांगितले.

तो नंबर सुलक्षणाच्या रोजच्या नजरेतला होता. अंगणात उभ्या राहणाऱ्या बुलेटचा. बुलेट सत्यजीतची, तिच्या धाकट्या दिराची. तो शेजारच्या दोन खोल्यांत राहायचा आणि मोबाईलमधलं त्याला सगळं कळायचं. जूनमध्ये प्रगतीला फोन घेतला, तेव्हा पोरीनं भलतंसलतं काही बघू नये म्हणून सुलक्षणानंच तो त्याच्याकडे दिला होता. संध्याकाळी त्यानं परत आणून दिला. वहिनी, आता काळजी करू नका, म्हणाला.

तिनं आकडे टाकले. आत एकच ॲप होतं, त्यात एकच नाव. नाना. प्रगती चुलत्याला नाना म्हणायची.

सुलक्षणानं वरपासून वाचायला सुरुवात केली. आधी नुसती चेष्टामस्करी होती. मग नवा ड्रेस आणतो, कुणाला सांगू नको. मग घरात कोण कोण हाय. फोटो पाठव. वाचलं की पुसत जा. आईला सांगितलंस तर तुझीच शाळा बंद होईल. शेवटचा मेसेज आज सकाळचा होता. वहिनी गेली का दौंडला?

प्रगतीनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. पुसलंही काही नव्हतं.

आता आपल्याला रडू येईल, असं सुलक्षणाला वाटलं. आलं नाही. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि परत येऊन बसली.

"आज आला व्हता?"

"व्हय. मी आतून कडी घातली. लय वेळ दार वाजवत व्हता. मग गेला."

"आन् ह्याच्या आधी?"

मेथीची जुडी कधीच संपली होती. प्रगती नुसत्या काड्या मोडत होती.

सुलक्षणानं नवऱ्याला फोन लावला. विनोद पाटसच्या साखर कारखान्यात होता. गाळप सुरू असल्यानं मागून यंत्रांचा आवाज येत होता. तिनं तीन-चार वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, आबांच्या कानावर घालू नको, म्हाताऱ्या बापाला सोसायचं नाही. गावात कळलं तर पोरीचंच नाव खराब होईल. उद्या सुट्टी काढून येतो, घरातल्या घरात बघू. तोवर ते सगळं डिलीट करून टाक.

ती बरं म्हणाली. फोन ठेवला. प्रगतीचा फोन तिनं पिशवीत टाकला, बरोबर चार्जरही घेतला, आणि पोरीला कपडे बदलायला सांगितलं. यवतला जायचंय, एवढंच म्हणाली.

हायवेवर जीप मिळाली. पुढं उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यामुळं जीप हळू चालली. दोघी शेजारी बसल्या होत्या. मध्ये पिशवी होती.

पोलीस ठाण्यात साध्या कपड्यातली एक बाई आली. तिनं दोघींना आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि प्रगतीला विचारत विचारत ती लिहू लागली. प्रगतीनं सगळं सांगितलं. कुठं थांबली नाही, रडली नाही. वर्गात उभं राहून धडा वाचावा तसं सांगत गेली. सुलक्षणा टेबलाच्या कडेकडे बघत ऐकत होती. ऐकू येत होतं, पण आत काही पोहोचत नव्हतं.

"बाळा, हे तू आधी कुणाला सांगितलं होतंस का?" पोलीस बाईनं विचारलं.

"व्हय. दिवाळीत. आईला."

पेन थांबलं.

"काय म्हणाली आई?"

"आई करंज्या तळत व्हती. मी म्हणलं, नाना मला सारखा जवळ घेतो, मला आवडत न्हाई. आई म्हणली, चुलता हाय तुझा, माया करतो. जा, आबांना चहा दिऊन ये. मी दिऊन आले."

तिच्या आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

पोलीस बाईनं सुलक्षणाकडे पाहिलं. हे लिहायचं की नाही, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

सुलक्षणाला कढई आठवली. तेल जास्त तापलं म्हणून गॅस बारीक केलेला आठवला. पोरगी दारात किती वेळ उभी होती, ते मात्र काही केल्या आठवेना.

"लिहा," ती म्हणाली. "तसंच म्हणले व्हते मी."