एकाच पातेल्यातली खीर

सकाळच्या शांततेत स्वयंपाकघरात झाकण खणकलं, तशी मी अंगणातून आत धावले. सोया दुधाच्या माझ्या खिरीत सासूबाई तांब्याभर म्हशीचं दूध ओतत होत्या. “आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?” “बुद्धपौर्णिमेची खीर हाय, पोरी. विहारात वाटायची हाय. सोयाबीनचं कुटार आपली ढोरं खातात, थोडं तरी खरं दूध नको काय? एवढ्याशानं काय होते?” दुधाचा थेंब पोटात गेला तरी लेकीच्या अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो; किती वेळा सांगू? वाशिमच्या सुपरमार्केटात गाईच्या दुधाशेजारी सोया दुधाचे खोके मांडलेत. आमच्याच वावरातल्या दाण्याचं दूध आमच्याच घराला पटेना. दरवर्षी लेकीची वाटी वेगळी. औंदा तिनं सगळ्यांसोबत एकाच पातेल्यातलं खावं, म्हणून पहाटेपासून मी गॅसपुढे होते. तेवढ्यात वाटी घेऊन लेक आली. “आई, आता मीबी सगळ्यायसंग खाऊ ना?”