मुलाची गोळी, लेकीचे थेंब

दोघांचीही औषधं घेण्यात बाबांचा फायदा इतकाच होता, की आपसात अबोला धरलेली दोन्ही मुलं घरी येत राहणार होती. लेक ग्रेपफ्रूट या पपनसासारख्या फळाच्या तेलाची बाटली आणायची. "कोलेस्टेरॉलला हेच थेंब घ्या, बाबा. दादाच्या गोळ्या टाकून द्या." मुलगा गोळ्या आणायचा. "तिचं ते अत्तर पोटात गेलं, तर मी यायचा नाही." बाबा दोघांनाही "तुझंच घेतो" म्हणत आणि दोन्ही घेत, म्हणजे खोटं अर्धंच व्हायचं.

मग बाबांचे पाय आखडले, लघवी काळपट झाली. इस्पितळात खोलीत कुणी नसताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, गोळीबरोबर ग्रेपफ्रूटचं काही घेत होतात? त्यानं गोळी अंगात साचते. आधी स्नायू जातात, मग मूत्रपिंडं."

बाबांनी दाराच्या काचेतून पाहिलं. बाहेर दोघं एकाच बाकावर बसली होती.

"नाही हो. गोळ्याच दुप्पट घेतल्या मी. लवकर गुण यावा म्हणून."

ते कळल्यावर दोघं आत आली ती रागावतच.

"दादा, यांना दुप्पट घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, हे कधी कुणाचं ऐकतात का?"

कित्येक वर्षांनी भावंडांचं एकमत झालं. भांडण दोघांचं मिटलं, मूत्रपिंडं एकट्या बाबांची गेली.